कागदाच्या गठ्ठ्यातली गाठ

सळईवाल्याने गठ्ठ्यात सळई खुपसली, दोनदा फिरवली आणि बाहेर ओढली. तिच्या टोकाला कागदाचे कपटे लागलेच नव्हते. मुंग्या लागल्या होत्या.

दोन-चार असत्या तर झटकून टाकता आल्या असत्या. पण ही वरातच निघाली होती. सळईवरून त्याच्या मनगटावर, मनगटावरून बाहीत. दर दुसऱ्या शुक्रवारी कागदाच्या कारखान्याचा ट्रक घेऊन येणारा हा माणूस एरवी हसायचा नाही, बोलायचा नाही, सळई खुपसायचा आणि मान हलवायचा. तो आता शेडच्या दारात एका पायावर नाचत होता. शर्ट अर्धा काढला तेव्हा कुठे त्याला जरा दम मिळाला.

हसू येण्यासारखंच होतं सगळं, पण चाळणीला हसू आलं नाही.

चाळणी हे तिचं गावाने ठेवलेलं नाव. तीन वर्षांपूर्वी तळ्याकाठचा उकिरडा बंद झाला आणि गावाबाहेर ही पत्र्याची शेड उभी राहिली, तेव्हा कचरा वेगळा करायचं काम तिने अंगावर घेतलं. नवरा तीन चाकी गाडी घेऊन घंटा वाजवत दारोदार फिरे. ती शेडमध्ये बसून एकेक पिशवी उघडे: कागद इकडे, काच तिकडे, लोखंड त्या पोत्यात, ओलं मागच्या खड्ड्यात. सुरुवातीला लोक नाक मुरडायचे. ‘हिच्या हातातून काय सुटेल? चाळणीच आहे ही,’ असं कोणीतरी म्हणालं आणि ते नाव चिकटलं. तिला ते मनापासून आवडायचं. शेडच्या आधी ती दुसऱ्यांच्या शेतात खुरपणीला जायची आणि तिथे तिला ‘ए’ म्हणायचे. आता अख्खं गाव तिला विचारायचं, ‘चाळणीबाई, तुटकी छत्री कशात टाकायची?’

“बाई, हे दुसऱ्यांदा झालं,” शर्ट झटकत सळईवाला म्हणाला. “मागच्या खेपेला गठ्ठा ओला होता. आता चिकट आहे, वर ही पलटण. तिसऱ्यांदा असलं निघालं तर ट्रक या गावाला येणार नाही. मला वरून तसं सांगितलंय.”

“आणि ट्रक आला नाही तर?” तिच्या नवऱ्याने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

“तर शेडचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. गुरं बांधा.”

ट्रक गेला. मागे धूळ राहिली, वारा राहिला आणि नाकारलेले सगळे गठ्ठे, मधोमध तो मुंग्यांचा. ट्रक बंद म्हणजे शेड बंद, आणि शेड बंद म्हणजे पुन्हा तळ्याकाठी ढीग, पुन्हा धूर, पुन्हा खुरपं. चाळणीने बाह्या वर सारल्या.

“काप दोऱ्या,” ती नवऱ्याला म्हणाली. “बघू तरी कोणाचं पाप आहे.”

प्रेसमध्ये दाबलेला गठ्ठा सोडवणं म्हणजे भिंत नखांनी खरवडण्यासारखं. वह्या, खोकी, जुनी वर्तमानपत्रं थरावर थर बसलेली. अर्ध्या तासाने मधला थर लागला आणि हात चिकट झाले. तपकिरी कागद होता तो, त्यावर खडूच्या रेघा, बाह्यांचे नि गळ्यांचे आकार कापलेले.

“हे तर शिवणवाल्या काकूंचं!” नवरा मोठ्याने म्हणाला.

नेमकी तेव्हाच दूधवाली कॅन घेऊन शेडसमोरून चालली होती. तिच्या कानांवर पडलं म्हणजे गावाच्या कानांवर पडलं.

“अहो, जरा हळू बोलता येत नाही का?” चाळणीने कपाळाला हात लावला, आणि तो हात चिकट असल्यामुळे कपाळही चिकट झालं.

शिवणवाल्या काकू म्हणजे गावातली सगळ्यात टापटीप बाई. गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचण्या आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही असा खाक्या. त्यांच्या कागदाची जुडी दर मंगळवारी पायरीवर ठेवलेली असायची, कडा जुळवून, चारी बाजूंनी दोरा बांधून. अशी की उलगडायला जिवावर यावं. आणि चाळणीने ती कधी उलगडलीच नव्हती. गावातली प्रत्येक पिशवी ती तळापर्यंत चाळायची, फक्त काकूंची जुडी तशीच्या तशी प्रेसमध्ये जायची. इतक्या नीटनेटक्या जुडीवर शंका घेणं तिला पाप वाटायचं. ही चूक तिची स्वतःची होती आणि ती कोणावर ढकलता येत नव्हती.

दुपार व्हायच्या आत काकू शेडवर हजर झाल्या. तोंडातल्या टाचण्या काढायचंही भान नव्हतं त्यांना. त्या काढल्या आणि मग सुरू झाल्या.

“मी कागदात काय घालते म्हणे? गोड? अगं, माझ्या घरात एकटी मी! स्वतःपुरता चहा करते, तोही घोटभर. तीन वर्षं मी जुडी बांधते. कधी एक टाचणी तरी निघाली का त्यात?”

“नाही काकू.”

“मग? नळावर पोरी मला विचारतात, काकू, मुंग्या पाळल्यात का? या वयात मी हे ऐकून घ्यायचं?” त्यांचा आवाज एकदम बसला. “यापुढे माझा कागद माझ्या घरात. चुलीत घालीन, पण तुझ्या गाडीत देणार नाही.”

त्या गेल्या. अंगाचा तिळपापड झालेल्या माणसाची चाल असते तशी चालत गेल्या, पण वळणावर त्यांनी डोळे पुसले ते चाळणीने पाहिलं. तिला फार वाईट वाटलं. शेवटपर्यंत ओरडतच गेल्या असत्या तर बरं होतं.

नवरा संध्याकाळच्या फेरीला गेला. चाळणी एकटीच गठ्ठ्यापुढे उकिडवी बसून राहिली. कंबर मोडून आली होती, नखांत कागदाचा लगदा भरला होता. आणखी एक थर तिने उचलला आणि एक चपटं पुडकं हाताला लागलं. वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळलेलं, प्रेसने चेपून पोळपाटासारखं झालेलं. फाडून पाहिलं तर आटवलेल्या गोड दुधाचा डबा. सगळ्या फटींतून दूध बाहेर येऊन वाळलेलं. तीन जुड्यांत असे तीन डबे निघाले.

पण ती डब्याकडे बघतच नव्हती. ती दोरीकडे बघत होती.

पुडक्यावर दोरी होती आणि दोरीला गाठ. दोन वेढे, मग मधून एक फास, आणि शेवटचं टोक आत असं दडवलेलं की गाठ कुठे सुरू होते नि कुठे संपते ते कळू नये. प्रेसच्या दाबाखाली डबा चपटा झाला होता, पण गाठ जशीच्या तशी होती.

ही गाठ गावात एकच माणूस मारायचा. तिच्या घरच्या छत्रीला ती होती, खुराड्याच्या दाराला होती, खाटेच्या सैल पायाला होती, सासऱ्यांच्या तुटक्या चपलेलाही होती.

चाळणीने दोरी कापली नाही. पुडकं तसंच पिशवीत टाकलं आणि घरी निघाली.

सासरे उंबऱ्यात बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी मालाच्या गाड्यांवर ओझी बांधली होती, गवत, लाकूड, कापसाची पोती. घाटात गाडी कलंडली तरी त्यांनी बांधलेलं पोतं हलत नसे. आता गुडघे गेले होते. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरने गोड बंद केलं होतं, आणि त्या दिवसापासून सासूबाई साखरेचा डबा उशाशी घेऊन झोपत होत्या.

सासरे बिनसाखरेचा चहा पीत होते. प्रत्येक घोटाला असं तोंड करत होते की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

“बघ,” सासूबाई सुनेला अभिमानाने म्हणाल्या. “चार महिने झाले, गोडाचा कण नाही जिभेवर. लोक म्हणतात म्हातारे ऐकत नाहीत. माझा म्हातारा ऐकतो.”

सासऱ्यांनी चहात तोंड बुडवलं.

सासूबाई भाजी निवडायला आत गेल्या. चाळणी सासऱ्यांशेजारी टेकली.

“मामंजी, एक गाठ सुटत नाहीये. बघता जरा?”

“आण इकडे. तुम्हा पोरींच्या बोटांत जोरच नाही.”

तिने पुडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते बघितलंही नाही नीट. अंगठ्याने गाठीच्या कडेला एक दाब, करंगळीने एक ओढ, आणि दोरी मोकळी होऊन खाली पडली. म्हातारा खूश होऊन हसला. मग त्याचं लक्ष दोरीकडे गेलं. मग पुडक्याकडे. मग सुनेकडे.

खुराड्यात कोंबडी कुरकुरत होती.

“कुठे सापडलं?” त्यांनी शेवटी विचारलं.

“गठ्ठ्यात. काकूंच्या जुडीत. तीन होते.”

“चौथा पुढच्या मंगळवारी जायचा होता,” ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. “नाक्यावर जुने ड्रायव्हर भेटतात. ते आणून देतात बिचारे.”

“पण काकूंच्या जुडीत का, मामंजी?”

“मग कुठे टाकू? घरच्या बादलीत टाकला तर तू बघणार. तुझ्या हातून काय सुटतं? अख्ख्या गावात तू एकच जुडी उघडत नाहीस, हे गाडी ढकलताना हाच बोलला होता.” हाच म्हणजे त्यांचा मुलगा. “सकाळी फिरायला जायचो, काठी टेकायची, खाली वाकायचं, जुडीची दोरी सैल करून आत सरकवायचं. पुन्हा बांधायचो मात्र त्यांच्यासारखंच हं, फुलाची गाठ.”

“आणि पुडक्याला?”

“पुडक्याला...” त्यांनी आपल्याच हातांकडे रागाने पाहिलं. “हात ऐकत नाहीत गं. दोरी दिसली की बांधून मोकळे.”

चाळणीला हसू आवरेना, आणि रागही आवरेना. तिने सगळं सांगितलं. सळईवाला काय म्हणाला ते, नळावरच्या पोरी काय म्हणाल्या ते, आणि वळणावर काकूंनी डोळे पुसले तेही. म्हातारा ऐकत गेला आणि त्याची मान खाली खाली गेली.

“तुझ्या सासूला नको सांगूस,” तो म्हणाला. “ती मला पाण्यालाही कुलूप लावेल.”

“मी कोणालाच सांगणार नाही, मामंजी. पण काकू उद्या पुन्हा नळावर जाणार आहेत.”

एवढं बोलून ती हात धुवायला उठली. रात्री जेवताना सासऱ्यांनी दोन घासही धड खाल्ले नाहीत. सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सकाळी नळावर गर्दी होती. कळशीला कळशी लागलेली, वाऱ्याने पाण्याची धार तिरकी उडत होती, आणि काकू रांगेत कोणाशी न बोलता उभ्या होत्या. म्हातारा काठी टेकत रस्त्याच्या मधोमध येऊन थांबला. घसा खाकरला.

“ऐका सगळ्या,” तो म्हणाला. गाड्या भरताना लांबच्या माणसाला हाक मारायचा तो जुना आवाज त्याने काढला होता. “काकूंच्या कागदात गोडाचा डबा मी घातला. एक नाही, तीन. खाल्ले मी, लपवले मी. ह्या बाईचा काडीचा दोष नाही. हसायचं असेल तर मला हसा.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग दूधवालीच्या तोंडून फुसकन आवाज निघाला आणि नळावर एकच हशा पिकला. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. कळशी खाली ठेवून त्या म्हाताऱ्यासमोर आल्या, गळ्यातली मोजपट्टी काढली आणि त्याच्या पोटाभोवती लावली.

“तीन डबे,” पट्टीवर नजर टाकत त्या म्हणाल्या. “दिसतंय.”

“काकू, चुकलं माझं.”

“चुकलंच. अन् शिक्षा पण आहे. तुमच्या सुनेचं ते सगळं कागदाचं लोढणं पुन्हा निवडायचंय. मी बसणार आहे, तुम्हीही बसायचं. डबा घालताना कंबर वाकत होती ना? तशीच वाकवा.” मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. “चारचौघांत येऊन सांगितलंत ते मात्र बरं केलंत हो.”

तोवर बातमी घरी पोचली होती. सासूबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तीन दिवस बोलल्या नाहीत. घरात भांड्यांचा आवाज मात्र भरपूर झाला. तिसऱ्या दिवशी त्या न बोलावता शेडवर आल्या, म्हाताऱ्याच्या समोर पोतं अंथरून बसल्या आणि कागद निवडायला लागल्या.

“डॉक्टरला विचारून आले,” कागदाकडे बघतच त्या म्हणाल्या. “रविवारी एक चमचा. माझ्या समोर. माझ्या हाताने.”

“एकच?” म्हातारा म्हणाला.

“अर्धा करू?”

“एक छान आहे,” म्हातारा घाईघाईने म्हणाला.

त्यानंतरचे आठ-नऊ दिवस शेडमध्ये नुसती धमाल होती. पत्रा तापायचा, पाठीवरून घामाच्या धारा लागायच्या, वारा कागद उडवायचा आणि दूधवाली कॅन बाजूला ठेवून त्यांच्यामागे धावायची. ज्यांना नळावर हसू आलं होतं त्या प्रत्येकीने येऊन दोन-दोन तास काम केलं. चिकट झालेला भाग मागच्या खड्ड्यात गेला, बाकीचा उन्हात पसरला, दर थराला हात लावून पाहिला. चाळणीने काकूंसमोरच काकूंची जुडी सोडली आणि तळापर्यंत चाळली.

“यापुढे दर मंगळवारी उघडणार, काकू. राग मानू नका.”

“उघडच. मीच तुला सांगणार होते.”

गठ्ठे बांधायची वेळ आली तेव्हा चाळणीच्या नवऱ्याने नेहमीसारखी दोरी ओढून गाठ मारली. म्हाताऱ्याने बघितलं आणि त्याला राहवेना.

“ही गाठ आहे की शेवया? म्हणून तर तुमचे गठ्ठे ट्रकमध्ये फुटतात. हो बाजूला.”

गुडघे कुरकुरले, पण तो उठला. गठ्ठ्याला गुडघा टेकवला, दोरी दातात धरली, दोन वेढे, मधून फास, टोक आत. हात असे चालले की सगळ्या बायका काम थांबवून बघत राहिल्या. चाळीस वर्षांची सवय होती, कुठे गेली नव्हती. अकरा गठ्ठे त्याने बांधले. शेवटी घामाघूम होऊन तो त्यांच्यावर हात फिरवत उभा राहिला. सासूबाईंनी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि कोणी बघत नाही असं समजून त्याच्या पाठीवर एक थाप मारली. चाळणीने ते पाहिलं.

शुक्रवारी ट्रक आला. सळईवाल्याने उतरायच्या आधी बाह्यांची बटणं लावून घेतली. आज अर्धा गाव शेडवर होता. चाळणीची पाचावर धारण बसली होती. तिने नवऱ्याचा हात इतका घट्ट धरला की त्याने ओठ चावला.

पहिला गठ्ठा. सळई आत, दोन फेरे, बाहेर. कोरडी. दुसरा. कोरडी. पाचव्याला त्याने सळई नाकाशी नेली, वास घेतला, परत खुपसली. कोणी श्वाससुद्धा घेईना. सातवा, नववा, अकरावा. सळईवाल्याने टोकावरचा कपटा बोटांनी चोळला.

मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने शेवटचा गठ्ठा आतून बघायचा ठरवला आणि गाठीला हात घातला. ओढली. हलेना. नखं लावली, सळईचं टोक लावलं, गुडघा लावला. तोंड लाल झालं.

“कोणी बांधली ही?”

“गुन्हेगाराने,” शिवणवाल्या काकू म्हणाल्या.

म्हातारा पुढे झाला, अंगठ्याने एक दाब, करंगळीने एक ओढ. दोरी खाली पडली. सळईवाल्याने आत पाहिलं, थर उलटे केले, तळाशी हात घातला. मग सरळ उभा राहिला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हसला.

“बांधा परत,” तो म्हणाला. “मला शिकवा बांधायला. बाकीच्या गावांना दाखवतो. बाई, भेटू पुढच्या खेपेला.”

चाळणीचा जीव भांड्यात पडला. ट्रक वळणापार जाईपर्यंत ती हात हलवत राहिली आणि मग पोत्यांच्या ढिगावर बसून मनसोक्त रडली, आनंदाने. काकूंनी तिला डोळे पुसायला चिंधी दिली, इस्त्री केलेली.

रविवारी सासूबाईंनी नवा डबा फोडला आणि म्हाताऱ्याला एक चमचा दिला, मोजून, काठ बोटाने सपाट करून. उरलेला डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली गळ्यात. एक चमचा आठवड्याला म्हणजे डबा पुढचा हंगाम उजाडेपर्यंत पुरायला हवा होता.

पुढच्या शुक्रवारी सकाळी चाळणीने घरची सुकी बादली उचलली. त्यात वरच तो डबा होता. आतून लख्ख धुतलेला, उन्हात सुकवलेला, झाकण वाकवून आत बसवलेलं. वरचा कागद सोलून नीट घडी करून वेगळा ठेवलेला. कुठेही दोरी नाही, गाठ नाही.

तिने आत वळून पाहिलं. उंबऱ्यात सासू-सासरे एकमेकांना टेकून कोवळ्या उन्हात बसले होते, जगात काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने. आणि मोरीच्या कट्ट्यावर, धुऊन पालथे घातलेले, दोन चमचे वाळत होते.

चाळणीने डबा लोखंडाच्या पोत्यात टाकला, कागद कागदात टाकला आणि हसत हसत शेडकडे निघाली.